वाचकांचे प्रश्न : रेंगाळणारा ठेका आणि वरचा नी

प्रश्न : मी बरीच वर्षं तबला वाजवतो. मुलगी जी संथ, जॅझ-हिपहॉप-सोल मिसळलेली गाणी ऐकते, त्यांत ठेका सतत घसरल्यासारखा वाटतो. ही चूक आहे की मुद्दाम केलेलं? — वाचक, सांगली

मुद्दाम केलेलं, आणि फार बारकाईनं. या ढंगाचा माग काढत गेलं की आपण डेट्रॉइटच्या जे डिलापाशी (1974–2006) पोहोचतो. त्याचं मुख्य वाद्य अकाईचं एमपीसी 3000, म्हणजे 16 रबरी पॅड असलेलं सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र). पॅडवर बोटांनी वाजवलेला प्रत्येक आघात हे यंत्र उचलून जवळच्या नेमक्या जागी बसवू शकतं. डिलानं ही दुरुस्ती सरसकट लावू दिली नाही. कोणता आघात कुठे सैल ठेवायचा, हे तो स्वतः ठरवायचा.

घसरण मोजता येते. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत एक मात्रा सुमारे 667 मिलिसेकंदांची, तिची पाव मात्रा 167 ची. एमपीसीवर ‘स्विंग’ म्हणजे दोन पाव मात्रांच्या जोडीत दुसरी किती टक्क्यांवर पडते तो आकडा. तो 50 असेल तर सगळ्या पाव मात्रा समान. 66 च्या आसपास लय तिस्र जातीकडे, म्हणजे तिनाच्या विभागणीकडे जाते. 58 ठेवलं तर दुसरी पाव मात्रा 167 ऐवजी 193 व्या मिलिसेकंदाला पडते. एवढा उशीर वेगळा आघात म्हणून ऐकू येत नाही, पण मान डोलते ती त्यामुळेच. चांगला ढोलकीवालाही केरव्याचे बोल फूटपट्टीनं आखून वाजवत नाही. डिलाचं वेगळेपण असं की एकाच आवर्तनात हाय-हॅट (झांजांची जोडी) झुलता, किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) थोडी सैल आणि स्नेअर (खडखडीत आवाजाचा छोटा ड्रम) किंचित आधी, असे तीन हिशेब एकत्र चालतात. स्नेअर आधी आला की बाकी सगळं मागे राहिल्यासारखं वाटतं.

तुम्हाला खटकतं ते यामुळे, की तुमचा कान सगळ्यांना एकाच समेवर शोधतो. टाळी धरू नका. चार आवर्तनं फक्त हाय-हॅटवर बोट चालवा, पुढची चार किकवर, मग स्नेअरवर. आवर्तनाची लांबी जराही हलत नाही, हे तुमच्यासारख्या कानाला लगेच कळेल. त्यानंतर सोल गायक डी’अँजेलोचा ‘वूडू’ (2000) हा अल्बम ऐका. न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत क्वेस्टलवनं ड्रमवर आणि पीनो पॅलाडिनोनं बास गिटारवर हीच यंत्रावरची ओढ हातानं वाजवून दाखवली आहे. तिथे आधी बास पकडा; तो ड्रमच्या मागे किती रेंगाळतो ते बघा.

प्रश्न : ही गाणी आनंदी की उदास, तेच कळत नाही. असं का होतं? — वाचक, मडगाव

उत्तर पेटीवर सापडेल. मध्य सप्तकात सा, शुद्ध ग, प आणि त्याच्या वरचा शुद्ध नी एकत्र दाबा. हा मेजर सेव्हन्थ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा, उजळ वाटणारा स्वरगुच्छ. आता फक्त सा सोडा. उरलेले ग-प-नी हा स्वतंत्र मायनर, उदास वाटणारा कॉर्ड आहे, म्हणजे उजेडाच्या पोटात उदासी आधीपासूनच बसलेली होती. उलटंही करून पाहा : सा, कोमल ग, प, कोमल नी आणि वरचा रे. सा काढला की राहतो तो मेजर सेव्हन्थ. गाणं या दोन कॉर्डमध्ये ये-जा करत राहतं आणि सा वाजवायचा की गाळायचा, हे बासवर सोडून देतं. भावना अधांतरी राहते ती इथून.

नी मात्र सा च्या वरच ठेवा. खाली आणून सा ला चिकटवलात तर दोन्ही सूर घासतात. मंद्र सप्तकात अख्खा कॉर्ड दाबला तर नुसता गढूळ आवाज येतो.

प्रश्न : वादकानं स्वतःच निर्मिती केल्यानं ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? — वाचक, पुणे

काय *वाजवलं नाही*, ते ऐकू येतं. गायक-गिटारवादक स्टीव्ह लेसीचा 2017 चा ‘स्टीव्ह लेसीज डेमो’ घ्या : सहा गाणी, जेमतेम 13 मिनिटं, आयफोनवरच्या गॅरेजबँड या रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये केलेली. गिटार आणि बास फोनला जोडून, गाणं फोनच्याच माइकवर. बासनं जिथे चाल धरली आहे तिथे गिटार बाजूला होते. दोन्ही त्याचीच असल्यानं जागेसाठी भांडण नाही. स्टीव्ही वंडरनं 1972 मध्ये ‘म्युझिक ऑफ माय माइंड’वर जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवली, तेव्हाही हेच घडलं होतं. फोनच्या स्पीकरवर मात्र ही रचना दिसणार नाही. बास गिटारचा सर्वांत खालचा सूर 41 हर्ट्झचा आहे, तो त्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. वायरचा साधा हेडफोनही चालेल.

प्रश्न : लॅपटॉपवर असा बीट करतो, पण तो निवांत न वाटता बेताल वाटतो. — वाचक, ठाणे

बहुधा तुम्ही सॉफ्टवेअरमधलं ‘ह्युमनाइझ’ लावलं आहे. ते प्रत्येक आघात वेगळ्या अंतरानं हलवतं, त्यामुळे कानाला सवयच लागत नाही. लागते ती ठरावीक ओढ, जी दर आवर्तनात तशीच परत येते. लय 84 ते 90 ठेवा. किक पहिल्या मात्रेवर अगदी नेमकी असू द्या. हा खुंटा हलला की बाकीच्यांचा उशीर कशाच्या तुलनेत, तेच कळत नाही. हाय-हॅटला 56 ते 60 स्विंग द्या, स्नेअर 10 मिलिसेकंद आधी घ्या, बास 15 ते 20 नंतर. 40 च्या पुढे गेलात तर ऐकणाऱ्याला चूकच वाटेल. ब्लूटूथ हेडफोन लावून पॅड वाजवू नका. आवाजच उशिरा पोहोचल्यानं हात आपोआप चुकीची भरपाई करतो.

कीबोर्डवर लो-पास फिल्टर (वरचे तीक्ष्ण आवाज कापणारा) 3–4 किलोहर्ट्झला लावा. किक पडताना सिंथ पॅडचा, म्हणजे मागे धरलेल्या लांब सुरांचा आवाज 2–3 डेसिबल दबू द्या आणि साधारण 150 मिलिसेकंदांत परत येऊ द्या. याहून सावकाश आला तर सगळं गाणं धापा टाकतं.

रेकॉर्डची खरखर वरून ओतू नका. जुन्या एसपी-1200 या सॅम्पलर यंत्रात सगळं मिळून जेमतेम 10 सेकंदांची जागा होती. म्हणून लोक मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 45 च्या वेगानं फिरवून सॅम्पल घेत आणि यंत्रात पुन्हा हळू करत. 12 बिटमध्ये, म्हणजे कमी बारकाव्यानं साठवताना, त्या ताणलेल्या आवाजाला रवाळपणा यायचा, तो सुरांच्या आत असायचा. तुम्हालाही हेच करता येईल : तुमचा कीबोर्ड पाच अर्धस्वर (काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या) वर चढवून 12 बिटमध्ये रेकॉर्ड करा, मग तेवढाच खाली उतरवा.