२०२६ च्या बेसबॉल हंगामाबद्दल तुमचे अंदाज काय आहेत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही क्रिकेट बघत मोठे झालात, नोकरीमुळे नुकतेच अमेरिकेत आलात, ऑफिसात सगळे पैजा लावताहेत आणि आपल्यालाही चार वाक्यं ठोकता यावीत. ठोका, बिनधास्त ठोका. पण आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

मी मूळचा सांगलीचा, गेली तेरा वर्षं सिॲटलजवळ राहतो आणि तिथल्या मरिनर्स संघाचा चाहता आहे. दर मार्चमध्ये एका वहीत अंदाज लिहून ठेवतो. गेल्या वर्षीचं पान आत्ता समोर आहे. 'टोरोंटो ब्लू जेज: गटात चौथे किंवा पाचवे.' ते पाच संघांच्या त्या गटात पहिले आले, आणि जागतिक मालिकेच्या (म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्यात नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, डावात विजेतेपदापासून फक्त दोन बाद दूर होते. 'कॅल रॉली: ३० होम रन.' होम रन म्हणजे साधारण आपला षटकार; आमच्या या कॅचरने, म्हणजे यष्टिरक्षकाने, ६० मारले. 'कोलोरॅडो रॉकीज: ६५ विजय.' त्यांनी ४३ सामने जिंकले आणि ११९ हरले. असा मी जाणकार.

माझ्या बचावासाठी एवढंच म्हणेन की हा खेळच अंदाज करणाऱ्याची फजिती करायला बनलाय. क्रिकेटवाल्याला हे पचायला वेळ लागतो. इथे प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज एक. शंभर सामने जिंकणारा संघ म्हणजे त्या वर्षीचा बाप, पण तोसुद्धा ६२ वेळा हरून घरी जातो. गेल्या वर्षी नियमित हंगामात सगळ्यात जास्त विजय मिलवॉकी ब्रूअर्सचे होते, ९७. आणि हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, प्लेऑफमध्ये, लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्यांना सलग चार सामन्यांत गुंडाळलं. सहा महिन्यांची कमाई चार संध्याकाळींत गेली. म्हणून माझा पहिला नियम: नियमित हंगामाबद्दल छातीठोक बोला, ऑक्टोबरबद्दल, म्हणजे प्लेऑफबद्दल, हळू आवाजात.

आता माझ्या संघाबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, समजून घ्या.

तीस संघांत जागतिक मालिकेपर्यंत कधीही न पोचलेला एकच संघ आहे, आणि तो आमचा. २००१ साली मरिनर्सनी ११६ सामने जिंकले होते, तरी नाही पोचले. त्यानंतर गट जिंकायला थेट २०२५ उजाडलं. डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना नऊऐवजी पंधरा डाव चालला आणि होर्हे पोलँकोच्या फटक्यावर आम्ही जिंकलो. मग जागतिक मालिकेआधीच्या शेवटच्या फेरीत टोरोंटोला जाऊन पहिले दोन्ही सामने घेतले. पाच सामन्यांनंतर मालिका ३-२ अशी आमच्या बाजूने होती. सहावा गेला. सातवा २० ऑक्टोबरला, सोमवारी. आमच्याकडे त्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतं. मी पूजा पाच वाजायच्या आत उरकायला लावली, त्यावरून घरात जे बोलणं बसलं ते इथे लिहीत नाही. सातव्या डावापर्यंत आम्ही ३-१ ने पुढे. आमचा पिचर (गोलंदाज) ब्रायन वूने एक वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकटचा बेस) दिला, एक सिंगल (एका बेसचा फटका) गेला, मग बंट करून, म्हणजे चेंडू हलकेच टेकवून, दोघेही धावपटू एकेक बेस पुढे सरकले. मॅनेजर डॅन विल्सनने वूला काढलं आणि दुसरा पिचर बझार्डोला आणलं. आमचा सगळ्यात भरवशाचा आंद्रेस मुन्योझ बुलपेनमध्येच, म्हणजे राखीव पिचरांच्या जागीच, राहिला. टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने बझार्डोला तीन धावांचा होम रन ठोकला. ४-३. बाहेर शेजारची पोरं भुईचक्रं लावत होती आणि मी हातात अर्धी चकली घेऊन टीव्हीकडे बघत बसलेलो.

हे सगळं सांगायचं कारण असं की अशा पराभवानंतर चाहता दोनच टोकांना जातो: 'यंदा नक्कीच' किंवा 'आपल्या नशिबातच नाही'. दोन्ही चूक. मी यंदा वेगळी पद्धत धरली. संघाचा कारभार बघणारे जेरी डिपोटो २०२३ साली एक हिशेब बोलून गेले होते. दहा वर्षांच्या काळात ५४ टक्के सामने जिंकत राहिलात तर जागतिक मालिकेपर्यंत पोचालच, अशा अर्थाचं. तेव्हा शहर भडकलं. तिकिटाला एवढे पैसे मोजायचे आणि यांचं ध्येय काय, तर काठावर पास! मीही शिव्या घातल्या होत्या. पण २०२१ पासूनचे विजय मांडून बघा: ९०, ९०, ८८, ८५, ९०. बेरीज ४४३, म्हणजे पाच वर्षांत जवळजवळ ५५ टक्के. माणूस बोलल्याप्रमाणे वागतोय. त्याचं हे बोलणं ऐकायला कितीही नीरस वाटलं तरी अंदाज करणाऱ्यासाठी सोन्यासारखं आहे. मरिनर्सचा पाया ९० च्या आसपासचा आहे, त्यावर तीन-चारच मजले चढवायचे किंवा उतरवायचे.

मी तीन चढवतो. ९३ विजय, गटात पहिले. गिल्बर्ट, कर्बी, वू, कास्टियो ही पिचरांची फळी तशीच आहे. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ठेवून घेतलं. पोलँको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला आणि स्वारेझ सिनसिनाटीला, म्हणजे ताकदीचे फटके कमी झाले. पण सेंट लुईसहून ब्रेंडन डोनोव्हन आला, जो फार लांब मारत नाही पण उगाच बादही होत नाही. आमच्या स्टेडियममध्ये एप्रिल-मेची थंड, दमट हवा असते. उंच उडालेला चेंडू तिथे कुंपणाच्या अलीकडेच दम सोडतो. अशा मैदानावर डोनोव्हनसारखा माणूस मला जास्त आवडतो. गटात ह्यूस्टन अजून धोक्याचं आहे, पण त्यांचा पिचर फ्रॅम्बर वाल्डेझ गेला, ते बरं झालं.

नेलरबद्दल एक छोटा अंदाज. हा गडी अंगाने भरलेला, पळायला लीगमधल्या सगळ्यात सावकाश लोकांपैकी एक. तरी गेल्या जुलैत सिॲटलला आल्यापासून त्याने १९ वेळा बेस चोरायचा (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे पळायचा) प्रयत्न केला आणि एकोणीसही वेळा यशस्वी झाला. पायात वेग नाही, पण पिचरची सवय ओळखण्यात पक्का. यंदा सगळे त्याच्यावर डोळा ठेवून असणार. वर्षभरात १५ च्या आत.

आता कॅल रॉली. ऑफिसात कुणी ना कुणी म्हणणारच की तो पुन्हा ६० मारेल. तिथे तुम्ही पैज लावा. ६० म्हणजे काय ते आधी कळू दे: कॅचरचा याआधीचा विक्रम ४८ होता, दोन्ही हातांनी खेळणाऱ्या बॅटरचा मिकी मँटलचा ५४. पूर्ण हंगाम उकिडवं बसून, अंगावर चेंडू झेलून वर ६० होम रन मारणं हे मला आजही खरं वाटत नाही. तर याआधी मेजर लीगमध्ये कुणी ६० किंवा त्याहून जास्त मारले, असे एकूण नऊ हंगाम झाले. त्या प्रत्येकाच्या पुढच्या वर्षी काय झालं ते मी वहीत काढलं. बेब रूथ ६० वरून ५४. रॉजर मॅरिस ६१ वरून ३३. मार्क मॅग्वायर ७० वरून ६५, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३२. सॅमी सोसा तीनदा: ६६ वरून ६३, ६३ वरून ५०, ६४ वरून ४९. बॅरी बाँड्स ७३ वरून ४६. ॲरन जज ६२ वरून ३७, तेही पायाच्या दुखापतीमुळे बरेच सामने हुकले म्हणून. नऊपैकी नऊ घसरले. पुढच्या वर्षांची सरासरी काढली तर ४८ च्या थोडी खाली येते, आणि त्यात मॅग्वायर-सोसाच्या काळातले आकडे आहेत, जे मी चिमटीत धरूनच उचलतो.

यात त्या खेळाडूचा दोष काही नाही. ज्या वर्षी कौशल्य, तब्येत, नशीब आणि वारा हे सगळे एकाच बाजूला उभे राहतात, त्या वर्षी साठ होतात. पुढच्या वर्षी त्यातला एक जण तरी सुट्टीवर जातो. रॉली गेल्या वर्षी १५९ सामने खेळला. त्याचे गुडघे माझे नसले तरी मला दुखतात. माझा आकडा ४२. आणि ४२ मारले तर ते अपयश आहे असं इथला कुणी म्हणाला, तर त्याच्याशी बोलू नका.

यंदाची खरी नवी गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती तुम्हाला ऑफिसातल्या अमेरिकनांपेक्षा लवकर कळेल. चेंडू बॅटरपुढच्या ठरलेल्या चौकटीतून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल), या निर्णयाला आव्हान देता येणार आहे. डीआरएसच म्हणा. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनेच मागायचं, तेही लगेच, डोक्यावर हात टेकवून. डगआउटकडे बघून विचारायची सोय नाही. कॅमेरे हॉक-आयचेच. 'अंपायर्स कॉल' ही भानगड नाही, चौकटीला चेंडूची कड जरी लागली तरी स्ट्राइक. आपण पंधरा-सोळा वर्षं बघत आलोय की कोणता कर्णधार रागाच्या भरात रिव्ह्यू जाळतो आणि कोणता शेवटच्या षटकापर्यंत जपून ठेवतो. इथेही तेच होणार. माझा अंदाज: मे उजाडेपर्यंत बरेच संघ आपल्या पिचरांना आव्हान मागायला बंदी घालतील. गोलंदाजाला प्रत्येक एलबीडब्ल्यू बादच वाटतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कॅचरला सगळ्यात नीट दिसतं, त्यामुळे रॉलीसारख्यांची किंमत वाढेल. आणि एखादा मोठा सामना नवव्या डावात आव्हान संपल्यामुळे हरला जाईल, त्यावर आठवडाभर रडारड होईल.

डॉजर्स. त्यांच्याबद्दल बोलायचा कंटाळा येतो, पण टाळता येत नाही. सलग दोन विजेतेपदं, वर काइल टकर आणि एडविन डियाझ आणले. ओहतानीबद्दल काय सांगायचं? मिलवॉकीविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याने एकाच रात्री पिचर म्हणून दहा जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि बॅटर म्हणून तीन होम रन मारले. गल्लीतल्या ज्या मुलाची बॅट असते त्याच्यासारखं खेळणं. सलग तीनदा जागतिक मालिका शेवटची जिंकली ती यँकीजनी, १९९८ ते २०००. डॉजर्स आपला गट जिंकतील, याबद्दल मी पैजसुद्धा लावणार नाही, मजाच नाही त्यात. पण 'डॉजर्स की बाकीचे २९' असं कुणी विचारलं तर बाकीचे २९ घ्या. गेल्या वर्षीसुद्धा ते सातव्या सामन्याच्या अकराव्या डावापर्यंत लटकले होते, आणि यामामोतोने आदल्या रात्री सामना जिंकून देऊन पुन्हा दुसऱ्या दिवशी शेवट केला म्हणून वाचले.

बाकी भराभर. रॉकीज ४३ पेक्षा जास्त जिंकतील, किमान ५५. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ साली ४१ वर होते, पुढच्या वर्षी ६० वर गेले. तळाला पोचलं की वर यायला फार अक्कल लागत नाही. डेट्रॉइटचा पिचर टारिक स्कूबलला सलग तिसरा साय यंग (लीगच्या सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार मिळणार नाही. मेजर लीगच्या दोन भागांपैकी त्याच्या भागात, अमेरिकन लीगमध्ये, सलग तीन अजून कुणालाच जमलेले नाहीत, आणि पिचरचं कोपर हा भरवशाचा अवयव नव्हे. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला मात्र दुसऱ्या भागाचा, नॅशनल लीगचा, पुन्हा मिळेल. बिचाऱ्याचे गेल्या वर्षी दहा विजय आणि दहा पराभव होते, इतकं सुंदर पिचिंग करून. पिट्सबर्गने धावा काढाव्यात एवढीच प्रार्थना. आणि हंगाम संपल्यावरचा अंदाज, जो सगळ्यात सोपा आहे: १ डिसेंबरला मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला करार संपतोय. टाळेबंदी होणार, म्हणजे नवा करार होईपर्यंत मालक खेळाडूंना दार बंद करणार. मागची ९९ दिवस चालली होती. त्यामुळे यंदा सामने पोटभर बघून घ्या.

विजेता कोण, हे मी अजून लिहिलेलं नाही. त्या वहीत आमच्या बायकोचाही एक रकाना असतो. तिने आजवर एकही सामना सलग बघितलेला नाही. तिची पद्धत अशी की ज्या गावात आपलं माणूस राहतं तो संघ निवडायचा. गेल्या मार्चमध्ये तिने टोरोंटो लिहिलं, कारण तिची मावशी मिसिसागाला असते. मी हसलो होतो. यंदा तिची आत्तेबहीण डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहायला गेली आहे.

वर स्कूबलबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेत नाही. पण डेट्रॉइटने ह्यूस्टनच्या त्या वाल्डेझला उचललंय, म्हणजे आता दोघे एकाच संघात. काल रात्री मी रकान्यात मरिनर्स लिहायला पेन घेतलं आणि झाकण लावून परत ठेवून दिलं.