गहाण नव्हे, पट्टा

‘हंबनतोटा बंदर चीनकडे गहाण पडलं’ हे बरोबर, की ‘ओलीस’ म्हणायचं, असा प्रश्न आला आहे. दोन्ही चूक. ओलीस माणसं ठेवतात. गहाण म्हणजे तारण: कर्ज फिटलं की सोडवून आणायचं. श्रीलंकेने 2017 मध्ये ते बंदर चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीला 99 वर्षांसाठी दिलं, त्याचे 1.12 अब्ज डॉलर ठरले, आणि बंदर बांधायला चीनच्या एक्झिम बँकेकडून काढलेलं कर्ज श्रीलंकेच्याच डोक्यावर राहिलं. हे कसलं गहाण? ऑस्ट्रेलियातलं डार्विन बंदरही 2015 मध्ये एका चिनी कंपनीकडे 99 वर्षांसाठीच गेलं. ते गहाण पडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. म्हणजे गरिबाने दिलं की गहाण, श्रीमंताने दिलं की करार!

खरा शब्द भाडेपट्टा. आणि खरी गंमत त्यातल्या पट्ट्यात आहे.

कमरेचा पट्टा, वाघाचा पट्टा सोडून देतो. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की राजाने भूमिदान केलं तर त्याचा लेख ‘पटे वा ताम्रपट्टे वा’ करावा, म्हणजे कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर, आणि वर आपली मुद्रा उमटवावी. पुढे तांबं गेलं, कागद आला, नाव तेच राहिलं. जमिनीचा हक्क देणारा लेख तो पट्टा. ताम्रपट त्यातलाच, आपला पाटीलसुद्धा जुन्या लेखांतल्या ‘पट्टकिला’चा वंशज. ‘पट्ट’ हा ‘पत्र’वरून आला असं काही कोशकार लिहितात. पत्राचं प्राकृतात ‘पत्त’ झालं, मराठीत ‘पातं’ झालं; मग इथेच तेवढा ट कुठून उगवला? मला तो ‘पट’, म्हणजे कापडच वाटतो.

कारण पट्ट म्हणजे रेशीमही. कौटिल्य राजाच्या खजिन्यात ठेवायच्या मौल्यवान कापडांत ‘चीनपट्ट’ सांगतो, चीनभूमीत होणारं! आणि 2013 मध्ये शी जिनपिंग यांनी कझाकस्तानात जाहीर केलेल्या योजनेचं नाव काय, तर ‘रेशीम मार्ग आर्थिक पट्टा’. चिनी नावातला ‘दाय’ म्हणजेही पट्टाच. रेशीम, पट्टा, भाडेपट्टा, तिन्ही एकाच शब्दाच्या पोटात. पुढे ‘बेल्ट अँड रोड’ झालेल्या या योजनेला मराठीत ‘चीनपट्टा’ म्हणा, असं मी कधीचा सांगतोय. (योजनेतला ‘पट्टा’ जमिनीवरचा, समुद्रावरच्याला ‘मार्ग’ म्हणतात, शिवाय हंबनतोट्याचं काम 2008 सालीच सुरू झालेलं, असं एका जाणकारांनी मला सुनावलं. असेल. शब्दांना बंदर-परवाना लागत नाही.)

हां, तुमचा प्रश्न. मालकी गेली नाही, पण नाही म्हणायची सोय आक्रसली. ऑगस्ट 2022 मध्ये ‘युआन वांग 5’ या उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणाऱ्या चिनी जहाजाला भारताने हरकत घेतली, श्रीलंकेने आधी भेट पुढे ढकलायला सांगितलं, आणि काही दिवसांनी जहाज हंबनतोट्याला लागलंच. या अवस्थेला मराठीत ‘मिंधं होणं’ म्हणतात. बंदर भाडेपट्ट्याने दिलं आणि देश मिंधा झाला, असं लिहा.

आणि ‘टोटा’ लिहू नका. सिंहलीत ‘तोट’ आहे, पहिला त दातांचा. अर्थ घाट, बंदर. मराठीतला तोटा वेगळा.