चेस्टबेरीच्या गोळ्या सुरू करून अठरा दिवस झाले, पाळीच्या आधीचा त्रास कमी व्हायला अजून किती दिवस लागतील?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून छाती ठणकते, पोट फुगतं, उगाचच रडू येतं आणि मुलांवर ओरडून झालं की स्वतःचाच राग येतो. मैत्रिणीने सांगितलं म्हणून चेस्टबेरीच्या, म्हणजे एका झुडपाच्या फळापासून केलेल्या गोळ्या सुरू केल्या, अठरा दिवस झाले, काडीचाही फरक नाही. तर चालू ठेवायच्या की सोडून द्यायच्या?

आधी सरळ उत्तर देते. तीन पाळ्या. त्याआधी ही गोळी लागू पडली की नाही हे ठरवता येत नाही. आणि तीन पाळ्या नीट घेऊनही फरक नसेल, तर पुढची बाटली आणू नका.

मी नाशिकमध्ये सोळा वर्षं मेडिकल चालवते आणि हीच गोळी मी स्वतःही घेतलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काउंटरवर दर महिन्याला कुणीतरी अर्धी उरलेली बाटली घेऊन येतं. परवाच एक बाई आल्या. साठ कॅप्सूलच्या बाटलीत चाळीसेक शिल्लक होत्या. झाकणावर पेनाने तारीख लिहिलेली, म्हणजे बाईंनी मनापासून सुरुवात केली होती. म्हणाल्या, "वीस दिवस झाले, काही गुण नाही, परत घ्या." उघडलेली बाटली मला परत घेता येत नाही. मी विचारलं, सुरू केल्यापासून पाळी कितीदा आली? "अजून एकदाही नाही."

गोची इथेच होते. या त्रासात दिवस मोजून काही कळत नाही, पाळ्याच मोजाव्या लागतात. कारण हा त्रास आपणहून येतो आणि आपणहून जातो. बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात तो चढत जातो आणि पाळी सुरू झाली की बहुतेकींचा एक-दोन दिवसांत उतरतो. आता समजा, एखादीने त्रास ऐन भरात असताना, बाविसाव्या दिवशी गोळी सुरू केली. सात-आठ दिवसांत पाळी आली, त्रास गेला. ती म्हणणार, आठवड्यात गुण आला! दुसरीने पाळी संपल्यावर सुरू केली. दोन आठवडे मजेत गेले आणि मग छाती पुन्हा भरून आली. ती म्हणणार, गोळी फसवी निघाली. दोघींच्याही बाबतीत गोळीचा काहीच संबंध नव्हता. मागच्या पाळीआधीचे दिवस आणि या पाळीआधीचे दिवस शेजारी ठेवल्याशिवाय तुलनाच होत नाही.

तीन हा आकडा मी मनाने काढलेला नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जर्मनीतला एक अभ्यास छापून आला. १७० स्त्रिया होत्या. निम्म्यांना चेस्टबेरीच्या अर्काची २० मिलीग्रॅमची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि हे तीन पाळ्या चाललं. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के स्त्रियांचा त्रास निम्म्यावर किंवा त्याखाली आला. पण नकली गोळी घेणाऱ्यांतही २४ टक्के स्त्रियांचा तसाच कमी झाला. हा दुसरा आकडा मी प्रत्येकीला सांगते, कारण दुकानात गोळी विकणारं कुणी तो सांगत नाही. चिडचिड, राग, मूडची उलथापालथ, डोकेदुखी आणि छातीचा भरलेपणा यांत फरक पडला. पोट फुगण्यात पडला नाही. म्हणजे तुमच्या तीन तक्रारींपैकी पोटाची तक्रार या गोळीने जाईल असं धरून चालू नका.

ही काम कशी करते? या फळातले काही घटक मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखा परिणाम करतात आणि प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक थोडं खाली आणतात. स्तनांत दूध तयार करण्याचं काम हेच संप्रेरक करतं, त्यामुळे छातीच्या दुखण्यावर हिचा गुण जास्त सांगितला जातो. क्रोसिन घेतल्यावर तासाभरात डोकं उतरतं तसं इथे होणार नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हा घोळ मी खूपदा बघते. चेस्टबेरी म्हणजे आपली निर्गुडी नव्हे. दोघींचं कूळ एक, पण चेस्टबेरी भूमध्य समुद्राच्या आसपासची आणि औषधात तिचं फळ वापरतात. आपल्या बांधावरच्या निर्गुडीचा पाला शेकायला, तेल गुडघ्यांना चोळायला. "एकाच घराण्यातली आहे" म्हणून निर्गुडीचा काढा करून पिऊ नका.

आता माझं सांगते. सदतिसाव्या वर्षी माझा त्रास इतका वाढला होता की महिन्यातले नऊ दिवस एसटीत खड्डा आला की मी पर्स छातीशी घट्ट धरून बसायचे. पालथं झोपता यायचं नाही. मुलीने धावत येऊन मिठी मारली तर मी तिला ढकलायचे, आणि तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. त्याआधी मी इव्हनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल दोनदा सुरू करून दोनदा दहा-बारा दिवसांत सोडल्या होत्या. मेडिकलवाली असून.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला लावलं. हे फार महत्त्वाचं. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तरी थकवा आणि चिडचिड होतेच, आणि आपण सगळं पाळीच्या नावावर टाकतो. दोन्ही ठीक निघाल्यावर त्या म्हणाल्या, दोन महिने नुसती नोंद ठेव, मग गोळी देते.

नोंद मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरच ठेवली. ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहायचे, त्याच चौकोनात कोपऱ्यात लाल पेनाने आकडा. छातीसाठी एक, मनासाठी एक, पोटासाठी एक. शून्य म्हणजे काही नाही, तीन म्हणजे काम होईना इतकं. रोज रात्री ओटा पुसून झाला की तीन आकडे, दहा सेकंदांचं काम.

गोळी सुरू केल्यावर पहिल्या पाळीआधी तेच नऊ दिवस, तेच तीन-तीन. पहिल्या आठवड्यात थोडं मळमळलंसुद्धा. जेवणानंतर घ्यायला लागले तेव्हा थांबलं. दुसऱ्या पाळीआधी छातीचे आकडे तिनावरून दोनावर आले. मला स्वतःला जाणवलंही नव्हतं, कॅलेंडरवर दिसलं. तिसऱ्या पाळीआधी दुखायचे दिवस चारच राहिले आणि एका सकाळी लक्षात आलं की मी पालथी झोपले होते. चिडचिड होती, पण निम्मी. पोट मात्र तसंच, सलवारीची नाडी त्या आठवड्यात सैल ती सैलच. सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून बंद केली.

तुम्ही अठरा दिवस घेतलीच आहे तर आधी बाटलीची मागची बाजू वाचा. तिथे अर्क लिहिलंय की नुसती फळाची पूड, हे बघा. २० मिलीग्रॅम अर्क आणि ४०० मिलीग्रॅम पूड यांची तुलना होत नाही. आकडा मोठा म्हणून गोळी भारी असंही नाही. २०१२च्या एका अभ्यासात याच अर्काचे ८, २० आणि ३० मिलीग्रॅमचे डोस लावून बघितले. २० ला ८ पेक्षा जास्त गुण आला, ३० ला २० पेक्षा जास्त आला नाही. म्हणून लवकर फरक पडावा म्हणून दोन-दोन गोळ्या घेऊ नका. शिवाय आपल्याकडे ही बहुतेक पूरक आहार म्हणून विकली जाते, औषध म्हणून नाही. त्यामुळे कंपनी बदलली की आतला मालही बदलू शकतो. तीन पाळ्या एकच कंपनी ठेवा.

आणि हे जास्त काळजीने वाचा. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ही गोळी घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्या, प्रोलॅक्टिनसाठी कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन, मानसिक आजाराची औषधं, उलटीसाठीची डॉम्पेरिडोन, यांतलं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तरीही नाही. अंगावर खाज, पुरळ आलं तर लगेच बंद. आणि छातीत गाठ लागली, ती पाळी गेल्यावरही तशीच राहिली, तर तीन पाळ्या थांबत बसायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.

इव्हनिंग प्रिमरोजबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते, कारण पुढची गोळी तीच सुचवली जाईल. छातीच्या दुखण्यासाठी ब्रिटनमध्ये तिला औषध म्हणून परवाना होता, तो २००२ साली गुण सिद्ध होत नाही म्हणून काढून घेतला. मी आता ती कुणाला आपणहून सुचवत नाही. त्यापेक्षा कॅल्शियम बघा. १९९८ साली अमेरिकेतल्या ४६६ स्त्रियांच्या अभ्यासात रोज १२०० मिलीग्रॅम कॅल्शियमने तिसऱ्या पाळीपर्यंत त्रास ४८ टक्क्यांनी उतरला, नकली गोळीने ३० टक्क्यांनी. इथेही तीनच पाळ्या, बघा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मोठ्या पेलाभर दुधात तीनशेच्या. आधी ताटातून किती जातं ते मोजा, उरलेल्यापुरती गोळी. मुतखडा होऊन गेला असेल तर मात्र विचारून.

एका बाबतीत मी थांबा म्हणणार नाही. त्या आठ-दहा दिवसांत जगणं नकोसं होत असेल, स्वतःला किंवा मुलांना इजा करावीशी वाटत असेल, तर तो पीएमडीडी नावाचा वेगळा, तीव्र आजार असू शकतो आणि त्यावर वनस्पतींची गोळी पुरत नाही. त्यावर डॉक्टर जी नैराश्याची औषधं देतात, ती या आजारात काही दिवसांतच काम करू लागतात, आणि कित्येकींना फक्त पाळीआधीचा पंधरवडाच घ्यावी लागतात. मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेलीमानसचा १४४१६ हा नंबर कुठल्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं.

तुमच्या बाबतीत, वर सांगितलेलं काही लागू नसेल तर गोळी चालू ठेवा. आजपासून आकडे लिहा, आणि येणारी पाळी पहिली धरा. तिसरी येऊन गेली की तिन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवून बघा. बाटलीमागे काय लिहिलंय आणि दुसरी कुठली औषधं चालू आहेत ते इथेच खाली लिहिलंत तर मी बघून सांगते.