दुधाळ सीरम दिसलं की
परळच्या लॅबमध्ये वडापाव खाऊन आलेल्या पेशंटचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) दुधाळ दिसलं, की जरा थांबून नीट बघ. ते कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणातली चरबी वाहून नेणारे बारीक कण. नावं घोकण्याआधी त्यांचा प्रवास समजून घे. आतड्याच्या पेशी अपोबी-48 या प्रथिनाभोवती चरबी बांधतात. ते नसेल तर चरबी पेशीतच अडकते. मग हे कण लसिकेतून (लिम्फमधून) रक्तात जातात. तिथे एचडीएल या दुसऱ्या चरबीवाहक कणांकडून त्यांना सी-2 आणि ई ही प्रथिनं मिळतात. सी-2 शिवाय लायपेज, म्हणजे कणांतली चरबी फोडणारं एन्झाइम, कामाला लागत नाही. ज्या मुलांत सी-2 जन्मतःच नसतं, त्यांचं रक्त उपाशीपोटीही दुधाळ राहतं, स्वादुपिंडाला सूज येते. चरबी फोडल्यावर कणाचा उरलेला भाग यकृत ओळखतं ते ई मुळे, कारण बी-48 मध्ये यकृताच्या पेशींवरच्या एलडीएल रिसेप्टरला चिकटणारा तुकडाच नसतो. परीक्षेत बहुतेकजण इथेच चुकतात. आणि हो, सॅम्पल नाकारण्याआधी पेशंटने शेवटचं कधी खाल्लं, ते विचारच.