दुसऱ्या शर्यतीला किती जण आले?

सोलापूर

अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी आलीस, चहा गार होईपर्यंत बोलत राहिलीस आणि निघताना पायरीवर थांबून विचारलंस, "सर, पहिल्या शर्यतीला किती मुलं आली म्हणजे सायकलची लीग जमली म्हणायची?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. दोन दिवस तोच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हे पत्र. पहिल्या शर्यतीला किती आली हे मला सांगूच नकोस. त्यातली दुसऱ्या शर्यतीला किती परत आली, ते येऊन सांग. लीग म्हणजे मोसमभर चालणारी शर्यतींची मालिका, आणि तुझी लीग तिथून सुरू होणार आहे.

एक दिवसाचा कार्यक्रम आपल्याला झोपेतही करता येतो. मांडव, स्पीकर, फ्लेक्स, हारतुरे, दुपारपर्यंत सगळं उरकतं. पहिला आलेला मुलगा ट्रॉफी घेऊन घरी जातो आणि बाकीची पोरं सायकली पुन्हा जिन्याखाली लावतात. पुढचं वर्षभर काही नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मी पंच होतो. मार्च लागलेला. वेळ साडेसहाची, पाहुणे आले साडेआठला, मग भाषणं. मुलं ऊन खात रस्त्यावर उभी. शर्यत सुटली तेव्हा डांबर तापायला लागलं होतं. सगळ्यात शेवटी एक मुलगा आला. वडिलांची काळी चोवीस इंची सायकल, मागच्या कॅरिअरला दुधाच्या किटलीचा हूक तसाच. सीटवर बसून पाय पुरत नव्हते, म्हणून तो दांडीवरूनच डावीउजवीकडे झुलत पायडल मारत होता. तोवर शेवटच्या रेषेवरची पताका गुंडाळून झाली होती, मांडववाला खुर्च्या टेम्पोत टाकत होता. पोरगं उतरलं, सायकल स्टँडला लावली आणि माझ्यापाशी येऊन म्हणालं, "सर, माझा नंबर कितवा?" मी हातातला कागद बघितला. पहिल्या दहानंतर कोणी काही लिहिलंच नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. तो "बरं" म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत गेला. पुन्हा कुठल्या शर्यतीत तो मला दिसला नाही.

तुझी सगळी आखणी त्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून कर. शेवटच्या पोराची वेळ लिहिली जाईल, मोठ्यानं वाचली जाईल आणि पुढच्या खेपेला त्याला दाखवता येईल, एवढी एक गोष्ट पक्की धर. बाकीचं त्यातूनच सुचत जातं.

पहिल्या दोन-तीन शर्यती एकेकट्यानं सोडायच्या, घड्याळाविरुद्ध. म्हणजे टाइम ट्रायल. दीड किलोमीटरची एक फेरी धर. दर ३० सेकंदांनी एक मूल सुटेल, तर ४० मुलं वीस मिनिटांत सुटतात. साध्या सायकलवर फेरीला पाचेक मिनिटं लागतील, म्हणजे एका वेळी रस्त्यावर फक्त दहा मुलं. यात आणखी एक सोय आहे. हेल्मेट ४० घ्यायला नकोत, मापं बदलता येणारी पंधरा घेतलीस तरी पुरतात. परत आलेल्यानं काढायचं, पुढच्यानं घालायचं, आत ज्याचा त्याचा रुमाल. पण हेल्मेटशिवाय कुणी सुटणार नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. व्यावसायिक शर्यतींतसुद्धा हा नियम फार जुना नाही. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत पडून कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव गेला, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं हेल्मेट सक्तीचं केलं. आपल्याला तेवढी किंमत मोजून शिकायचं नाही.

सगळ्यांना एकदम सोडायची घाई करू नकोस. घोळक्यात चालवणं हे वेगळं कसब आहे. तुझं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासलं, तर पुढच्याला बहुतेक काही होत नाही, मागचा आडवा होतो, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे. हे मैदानावर, हळू वेगात शिकवावं लागतं. पुढच्याच्या चाकापासून अंतर ठेव, चाकाच्या बाजूला चाक घुसवू नकोस, ब्रेक मारण्याआधी ओरड. आपल्याकडे घाट नाही की मोठा चढ नाही, सोलापूरच्या पोराची झुंज वाऱ्याशी. वेग दुप्पट झाला की हवेचा अडसर चौपट होतो, म्हणून पुढच्याच्या आडोशाला चालवणाऱ्याचे कष्ट चांगलेच वाचतात. हे एकदा पोरांना कळलं की त्यांचे डोळे चमकतात, मीही ते पाहिलंय. पण ते चौथ्या शर्यतीसाठी राखून ठेव.

रस्ता निवडताना हायवेचा विचारही करू नकोस. पुणे रस्ता, तुळजापूर रस्ता, विजापूर रस्ता, नकाशावर सगळे सरळ आणि सुंदर दिसतात. तुझा मोसम दिवाळीनंतरचा, आणि उसाचा गळीत हंगामही तेव्हाचाच. पहाटे धुक्यात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, बाजूला लोंबणारा ऊस. मोठी माणसं त्यात सापडतात, तिथे चौदा वर्षांचं पोर काय करणार? एखाद्या कॉलेजचं आवार बघ, नाहीतर एमआयडीसीतले आतले रस्ते. तिथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी कधी असते ते चौकशी करून ठरव, रविवारच असेल असं धरून चालू नकोस. फेरी अशी आख की सगळी वळणं डावीकडचीच येतील. आपण डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या कुणाला एकदाही आडवं जावं लागत नाही. प्रत्येक वळणावर शिट्टी आणि लाल फडकं घेतलेला एक मोठा माणूस. वाहतूक शाखेला आणि महापालिकेच्या झोन कार्यालयाला लेखी अर्ज दे, पोचेवर शिक्का घे आणि ती पोच त्या दिवशी खिशात ठेव. पालकांची सही, रक्तगट आणि घरचा फोन नंबर एकाच कागदावर घे. जवळचं हॉस्पिटल कोणतं आणि तिथे गाडी कोण नेणार, हे आदल्या दिवशी माणसाच्या नावानिशी ठरलेलं हवं.

वेळ सकाळची. जानेवारीत उजाडायलाच सातच्या आसपास होतात, म्हणून सव्वासातला पहिलं मूल सुटेल आणि नऊच्या आत सगळे घरी. संक्रांतीचा आठवडा सरळ सोडून दे. सिद्धेश्वराची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा सोडून तुझ्याकडे कोण येईल? यावंही का? फेब्रुवारीत दहावी-बारावीवाल्यांची परीक्षा, आणि मग ऊन. सहा शर्यती बसवायच्या तर पंधरा दिवसांनी एक, एवढंच हातात आहे. पाहुण्यांना बोलावलंस तर शेवटच्या शर्यतीनंतर बोलाव. त्यांच्यासाठी मुलं थांबणार नाहीत, हे आधी नम्रपणे सांग.

सहापैकी ज्याचे त्याचे चांगले चार निकाल धर. घरात लग्न निघतं, कुणी आजारी पडतं, कुणाला वडिलांबरोबर कारखान्यात हात लावायला जावं लागतं. एक शर्यत चुकली म्हणून पोर बाहेर पडलं असं होऊ नये. गुणांचा हिशोब मी असा करीन: फेरी पुरी केली की दहा गुण, सगळ्यांना. पहिल्या पाचांना त्यावर काही जास्त. आणि स्वतःची मागची वेळ मोडली की पाच. वाऱ्यामुळे वेळा मागेपुढे होतात, हा हिशोब शास्त्रीय नाही, हे मला मान्य आहे. पण तिसाव्या नंबरावरच्या पोराला परत येण्यासाठी कारण देणारा याहून चांगला हिशोब मला सापडलेला नाही. तो कोणालाही न हरवता काहीतरी जिंकून घरी जातो.

गट पाडताना दोन गोष्टी बघ: वय आणि सायकल. वय जन्मवर्षावरून मोज, सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तसंच आहे. ज्या वर्षी सतरा किंवा अठरा पूर्ण होणार, ते अख्खं वर्ष तो ज्युनियर. सायकलीचे गट मात्र आपले आपण करायचे. साधी बिनगिअरची वेगळी, गिअरची वेगळी. चाळीस हजारांच्या सायकलसमोर शाळेची सायकल उभी केलीस, तर पहिल्याच रविवारी अर्धी मुलं मनातून खचतील. बिनगिअरच्या गटाची शर्यत आधी ठेव, सगळे ताजे असताना, सगळे बघत असताना.

रोख बक्षीस पहिल्या वर्षी ठेवू नकोस. पाच हजार जाहीर कर आणि बघ, मिशा फुटलेले पंधरा वर्षांचे दाखले घेऊन हजर होतील. त्यापेक्षा टायर-ट्यूब दे, आपल्या मातीतला टर्किश टॉवेल दे, अंतिम विजेत्याला चादर दे. घरात ती वापरली जाते, आईच्या तोंडी नाव राहतं.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या शहरात पेठ म्हटली की भाषा आलीच. पूर्व भागात तेलुगू, बाळीवेशीकडे कन्नड, कुठे उर्दू, कुठे मराठी. संघ गल्लीवार पाडलेस तर दुसऱ्याच शर्यतीला सायकली बाजूला राहतील. चिठ्ठ्या टाक. चार-चार जणांचे संघ, प्रत्येकात निदान एक मुलगी, आणि संघाच्या गुणांत चौथ्याचे गुणही धरायचे. मग जो सगळ्यात जोरात पळतो तोच सगळ्यात मागच्याच्या सायकलची हवा बघायला लागतो. पुकारा करताना नुसती मराठी नको, चारही भाषांत एकेक वाक्य बोलणारी मुलं तुला कॉलेजातच सापडतील.

मुलींना अंतर तेवढंच आणि बक्षीसही तेवढंच. कपडे बदलायला बंद खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह नसेल तर ती जागा नाकार. ओढणी चेनमध्ये जाते, ती कमरेला बांधायला लाव. आणि वेळ लिहायला एखाद्या मुलीच्या आईला बसव. एक आई टेबलाशी बसलेली दिसली की दहा घरांतून परवानगी मिळते.

अमेरिकेत शाळकरी मुलांची माउंटन सायकल लीग २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात सुरू झाली. सुरू करणारा बर्कलीच्या एका हायस्कूलमधला गणिताचा शिक्षक होता. २००९ मध्ये त्यातूनच देशभराची संघटना उभी राहिली. त्यांच्याकडे बाकावर बसवून ठेवलेला राखीव खेळाडू नसतो, जो आला तो शर्यतीत उतरतो. एवढं एकच त्यांच्याकडून उचल. बाकी त्यांचे डोंगर वेगळे, आपल्या बाभळी वेगळ्या.

बाभळीवरून आठवलं. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीचा काटा आणि सराटा, हे तुझे खरे प्रतिस्पर्धी. आदल्या संध्याकाळी फेरी झाडून घे, वळणांवर खास करून, खडी तिथेच साचते. आणि तुमच्या गल्लीतल्या सायकल दुकानदाराला आजच जाऊन भेट. सकाळच्या तीन तासांचे त्याला पैसे दे, फुकट बोलावू नकोस. माझे वडील सायकलीचंच काम करायचे. त्यांच्याकडून शिकलेली तपासणी सांगतो, एका सायकलला दीड मिनिट पुरतं. पुढचं चाक उचलून फिरवायचं आणि ब्रेकच्या गट्ट्याकडे बघायचं. घासून जात असेल तर रिमला आऊट आहे, म्हणजे रिम वाकडी झालीय. मग चाक धरून आडवं हलवायचं, खडखडलं तर छर्रे दाबून धरणारा कोन ढिला नाहीतर छर्रेच गेलेले. मग दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, चाक फिरता कामा नये. शेवटी हँडलची दोन्ही टोकं बोटानं चाचपायची. रबरी मूठ फाटून उघडा पाइप दिसत असेल, तर तिथे नवी मूठ बसल्याशिवाय ती सायकल सुटणार नाही. पडताना तो पाइप थेट पोटात घुसतो. पोरं चेनला तेल पाजून आणतात, सीट पुसून आणतात, पण या टोकाकडे कुणाचं लक्ष जात नाही. सुट्या मुठींचा एक डबा दुकानदाराजवळ ठेव.

पहिल्या वर्षी वीस मुलं टिकली तरी माझ्या मते पुष्कळ झालं. तुला ते कमी वाटेल, मला ठाऊक आहे. तू परवा दोनशेचा आकडा बोलत होतीस. पण वीस मुलांची सहा रविवारांची वही भरलेली असेल, प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली असेल, तर ती वही घेऊन तू कुठल्याही शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे बसू शकतेस.

वही मीच आणून ठेवली आहे, उभ्या रेघांची, जाड पुठ्ठ्याची. माझं जुनं स्टॉपवॉचही चालू आहे, सेल बदलला. येत्या रविवारी साडेसहाला ये. तू म्हणतेस त्या आवाराची फेरी आपण पायी मोजू, खडूनं वळणांवर खुणा करू. येताना मोजपट्टी आण, पन्नास मीटरची मिळाली तर बरं.

तुझे,
सर