आधी तारा, मग रंग

गेल्या अंकात, सुट्या भागांचं किट आणून घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार जोडण्याविषयी मी दोनच परिच्छेद लिहिले होते. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच देतो आहे. कोल्हापुरात माझं गिटार दुरुस्तीचं काम आहे आणि टेबलावर महिन्याला एखादं तरी अर्धवट सोडलेलं किट येतंच. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो.

प्रश्न : मी अकरावीत आहे. साठवलेल्या पैशांतून स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार) पद्धतीचं किट मागवलं. बॉडी कच्च्या लाकडाची आहे. बाबांच्या ओळखीचे एक गॅरेजवाले काका ती गाडीच्या रंगात रंगवून देतो म्हणतात. आधी रंगवून घेऊ का? गाडीचा रंग चालतो का? (एक विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : रंग चालतो, बिनधास्त दे. जुन्या फेंडर गिटारांवरचे कितीतरी रंग अमेरिकेतल्या मोटारींचेच होते. पण आत्ता नको. आधी गिटार न रंगवता जोड, तारा चढव, वाजवून बघ. मग सगळं सोडव आणि नुसती बॉडी काकांकडे ने.

माझ्या पहिल्या किटची बॉडी मी आधी रंगवली होती. निळा रंग, सात हात, प्रत्येक हातानंतर पाण्याचा पॉलिश पेपर. पंधरा दिवस त्यात गेले. मग नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, बसवली, तारा लावल्या आणि बघतो तर जाड ई तार (सहांतली सगळ्यात जाड) फ्रेटबोर्डच्या, म्हणजे नेकवर बोटं दाबायच्या पट्टीच्या, अगदी काठावर. बारीक ई तारेच्या (सगळ्यात पातळ) बाजूला पाच मिलिमीटर जागा मोकळी, जाड ईच्या बाजूला जेमतेम एक. बोट दाबलं की तार काठावरून खाली घसरायची. नेक जिथे बसते ती खोबणच तिरकी कापून आली होती. ती कानशीने सरळ करायला घेतली, तर कडेचा रंग नखाएवढा पापुद्रा होऊन उडाला. तिथे अजूनही बोट फिरवलं की खळगा लागतो.

तू असं कर. नेक खोबणीत नुसती बसव, स्क्रू नको. सुती कापडाची घडी मध्ये घालून क्लॅम्पने धर. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणून आण. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा आपापल्या दोऱ्यापासून सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. नसतील तर खोबणीची एक भिंत हलक्या हाताने घास आणि समोरच्या भिंतीला व्हीनियरची, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्याची, पातळ पट्टी लाव.

मग ब्रिज. त्याची भोकं आधीच पाडलेली असली तरी मोजून घे. तुझ्या गिटारचं स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ३२४, तिथून बारीक ईच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवर ती तार टेकते तो छोटा तुकडा) पुन्हा ३२४. मोजताना ते सॅडल बरंचसं पुढे आणलेलं असू दे, कारण तार सुरात आणताना सॅडल मागे न्यावं लागतं, जाड तारांचं तर आणखी दोन-तीन मिलिमीटर. पोलादी पट्टीच घे. शिंप्याची टेप ताणली जाते.

नेकचे चार स्क्रू बॉडीच्या भोकांतून हाताने आरपार गेले पाहिजेत, आणि नेकमध्ये मात्र घट्ट आवळले गेले पाहिजेत. तरच ते नेकला बॉडीशी ओढून धरतात. नेकमध्ये भोकं पाडताना ड्रिलच्या बिटावर खोलीच्या मापाला चिकटपट्टी गुंडाळ, नाहीतर बिट फ्रेटबोर्डातून वर निघेल. नेकचं मेपल लाकूड कठीण असतं, म्हणून स्क्रूच्या आट्यांना आधी मेणबत्ती घास. कोरडा स्क्रू पिळलास तर डोकं तुटून बाकीचा आत राहतो, आणि तो काढायला मग माझ्यासारख्याकडे यावं लागतं.

वाजवून समाधान झालं की रंग. काकांना दोनच गोष्टी सांग : खोबणीत मास्किंग टेप ठेवायची आणि लांबी (पुट्टी) कमीत कमी भरायची. खोबणीत रंगाचा थर बसला तर तू जमवलेली नेकची बैठक बिघडते.

प्रश्न : गिटार जोडून झाली, आवाज छान आहे. पण बी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की झणझणते. सॅडल वर केलं की थांबते, पण मग बोटं दुखतात. (एक ताई, डोंबिवली)

उत्तर : ताई, सॅडल पुन्हा खाली आणा. दोष बहुतेक तिथे नाही.

आधी नेकचा बाक बघू. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत अगदी थोडी फट हवी, पाव मिलिमीटरच्या आत-बाहेर. दुचाकीचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरतात, तेच इथे चालतं. फट नसेलच तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवायची सळई) पाव फेरा सैल करा, तासभर थांबा, पुन्हा मोजा. घाईने पूर्ण फेरा देऊ नका.

बाक ठीक निघाला तर पुढचा एखादा फ्रेट उंच बसलाय. सरळ कडेची छोटी पोलादी पट्टी एका वेळी तीन फ्रेटांवर टेकवा. पट्टी झोपाळ्यासारखी डुगडुगली की मधला फ्रेट उंच. कधी तो खाचेतून नुसता वर आलेला असतो. लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने दोन हलके ठोके दिले की बसतो. नाही बसला तर घासावा लागेल. फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावा, फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई फिरवा आणि सपाट कानस फक्त उंच भागावर चालवा. शाई जिथली गेली तिथेच धातू गेला. मग माथा पुन्हा गोल करून ६००, १०००, २००० नंबरचा पेपर. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप (तारांखाली बसवलेला, त्यांचा आवाज पकडणारा लोहचुंबकाचा भाग) झाकून ठेवा. त्याचा चुरा लोहचुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत मी एका वयस्कर कारागिरांकडे बसायला जायचो. ते तंबोऱ्याची जवारी काढायचे. घोडीचा माथा किंचित उतरता घासायचा, म्हणजे तार त्याला निसटती लागून जाते आणि तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. ते कानस दोनदा फिरवायचे, तार चढवायचे, डोळे मिटून ऐकायचे, तार उतरवायचे, पुन्हा दोनदा कानस. तिथे जो निसटता स्पर्श मुद्दाम घडवतात, तोच गिटारवर झणझण होऊन नकोसा होतो. पण हात तोच लागतो. सुतार सुतात मोजतात, आणि एका सुतात मिलिमीटरचे तीसेक दशांश मावतात. आपलं काम त्यातल्या एक-दोन दशांशांचं आहे. म्हणून तार चढवून, ऐकून मगच पुन्हा कानस उचला.

प्रश्न : वायरिंग आकृतीप्रमाणेच केलं, तरी ॲम्प्लिफायरमधून सतत घूं आवाज येतो. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : सिंगल कॉइल, म्हणजे तारेचं एकच वेटोळं असलेला, पिकअप विजेच्या ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट थोडा पकडतोच. गिटार घेऊन जागेवर वळून बघा. तोंड फिरवल्यावर आवाज कमी झाला तर तो हाच.

आता तारांना हात लावा. फरक पडत नाही, पण केबल खुपसायच्या जॅकच्या धातूला हात लावल्यावर घूं कमी होते? मग ब्रिजची अर्थची वायर राहिली आहे किंवा तिचा टाका सुटला आहे. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमध्ये ती मागच्या बाजूला, स्प्रिंगा अडकवतात त्या पंजाला जोडतात. पंजा आणि पॉटची (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) पाठ हे मोठे धातू आहेत, बारीक सोल्डरिंग आयर्नची उष्णता ते पिऊन टाकतात आणि टाका वरवर चिकटतो. आधी पॉलिश पेपरने जागा खरवडा, ४० ते ६० वॉटचं आयर्न घ्या आणि धातू तापल्यावर त्यावर सोल्डर वितळू द्या. चांगला टाका चकचकीत दिसतो आणि कडेला पसरलेला असतो. वर गोळी बसली असेल तर पुन्हा करा.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी तपासा. गिटारच्या तारा या वायरीतून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडल्या जातात, म्हणजे तुमची बोटंही. घरच्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक असतं आणि त्यामागे वायरच नसते. तोवर ॲम्प्लिफायर लावू नका.

प्रश्न : आमची तेरा वर्षांची मुलगी किटसाठी हट्ट धरून बसली आहे. तयार गिटार घेऊन दिलेली बरी नाही का? (एक पालक, पाचगणी)

उत्तर : तिला लगेच वाजवायला शिकायचं असेल तर तयार घ्या. किट हातात आल्यापासून नीट वाजेपर्यंत महिना-दोन महिने सहज जातात, आणि कानस, सोल्डरिंग आयर्न, ड्रिल यांचा खर्च वेगळा. पण ती गिटार उघडून आत काय आहे ते विचारत असेल तर किटच द्या आणि तुम्हीही शेजारी बसा. ब्रायन मे याने १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. तिला दोनेक वर्षं लागली. नेकला जुन्या फायरप्लेसचं महोगनी, फ्रेटबोर्डवरच्या ठिपक्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पुढे क्वीन बँडमध्ये त्याने तीच वाजवली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तुमच्याच गावच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, हे मुलीला जरूर सांगा.

प्रश्न : जुलैत बॉडीवर लॅकर मारलं, तर दुधासारखे पांढरे डाग आले. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : थिनर उडताना पृष्ठभाग गार पडला आणि हवेतली ओल थरात अडकली. कोकणात जुलैत हे होणारच. डाग वरवरचे असतील तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका फवारा मारून बघा, बरेचदा ओल निघून जाते. नाही गेले तर घासून काढा. नेकचं लाकूड मात्र उघडं ठेवू नका, या हवेत ते ओल धरतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी (लाखेचे पापुद्रे) सुती बोळ्याने पातळ लावून ठेवा. बॉडी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवा आणि लॅकरला दसऱ्यानंतर हात घाला.