रात्रीच्या मुक्कामाचे किती घ्यायचे?

मे महिन्याची सुट्टी आणि गणपती जवळ आले की मालकांच्या घरी राहून त्यांचे पाळीव प्राणी सांभाळणाऱ्यांच्या पत्रांमध्ये एकच प्रश्न असतो : ‘एका रात्रीचे किती सांगू?’ पत्रात प्राण्याचं वय नसतं, त्याची औषधं नसतात, घर कुठल्या स्टेशनजवळ आहे तेही नसतं. फक्त आकडा हवा असतो. प्राणी आणि घर बघितल्याशिवाय आकडा सांगू नका, हे मी पुन्हा सांगते आणि या वेळच्या पत्रांकडे वळते.

प्रश्न : ताई, मी पार्ल्याला कॉलेजात आहे. गोरेगावच्या एका कुटुंबाचा लॅब्रेडॉर चार रात्री सांभाळायचा आहे. काकू म्हणतात, ‘एसी आहे, वायफाय आहे, तुला झोपायचंच तर आहे, रात्रीचे तीनशे घे.’ घेऊ का?

उत्तर : नको घेऊस. संध्याकाळी सातला किल्ली घेऊन सकाळी आठला निघालीस तर तेरा तास झाले. म्हणजे तासाला तेवीस रुपये. त्या तेरा तासांत तुला घरी जाता येत नाही, दुसरं काम घेता येत नाही, आणि घराची जबाबदारी पूर्ण तुझी असते. काकूंचा एसी हा तुझा मोबदला नव्हे.

हिशेब असा मांड. तुमच्या भागात कुत्रा अर्धा तास फिरवून आणायचे काय घेतात ते दोन-तीन वॉकरना विचार. समजा दोनशे घेतात. रात्री एक आणि सकाळी एक फेरी, झाले चारशे. खाणंपिणं, साफसफाई आणि मुक्कामाची जबाबदारी यांचे समजा सहाशे. म्हणजे हजार, आणि येण्याजाण्याचं भाडं वेगळं. हे उदाहरण आहे, दरपत्रक नाही. दिवसा तू कॉलेजात असताना त्याला शी-शूला कोण नेणार, हेही आत्ताच विचार. ते काम तुझ्यावर आलं तर त्याचे पैसे वेगळे. आणि सुट्टी सुरू होण्याआधी एकदा मालकांसमोर त्या लॅबला स्वतः फिरवून बघ. ओढून नेत असेल तर हे काम तुझं नाही.

प्रश्न : घरात दोन मांजरं असतील तर दुप्पट घ्यायचे का?

उत्तर : नाही. मुक्काम एकच असतो. दुसऱ्या मांजरामागे थोडी वाढ पुरे. दुसरा कुत्रा असेल आणि त्याला वेगळं फिरवावं लागत असेल, तर त्या फेऱ्यांचे पूर्ण पैसे घ्या.

प्रश्न : गणपतीत आमची अर्धी सोसायटी कोकणात जाते. तेव्हा मी जादा दर घेते. सासूबाई म्हणतात ही लोकांची अडवणूक आहे. (लालबाग)

उत्तर : बुकिंगच्या वेळीच सांगितलंत तर अडवणूक नाही. आदल्या दिवशी, बॅगा भरून झाल्यावर सांगितलंत तर आहे. लालबागमध्ये त्या दिवसांत कुत्र्याला फिरवायचं तर ढोल-ताशे आणि गर्दी टाळून पहाटे उठावं लागतं, टॅक्सी मिळत नाही, आणि तुमच्या स्वतःच्या घरचा सण बाजूला राहतो. दिवाळीत फटाक्यांमुळे रात्ररात्र प्राण्याजवळ बसावं लागतं. या कष्टांचे पैसे मागायला लाजू नका. अर्धे पैसे ॲडव्हान्स घ्या.

मालकांना एक गोष्ट बजावून सांगा : ओट्यावर मोदक, लाडू ठेवून जाऊ नका. त्यातल्या मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. खाल्लेच तर वाट न बघता व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, फोन. फटाक्यांच्या रात्री ‘दोन चमचे ब्रँडी पाजा’ असं सांगणारे दर दिवाळीला भेटतात. पाजू नका. भीतीवर औषधं आहेत, ती व्हेटने तपासून द्यायची असतात.

प्रश्न : चेंबूरला एक मधुमेही बोका आहे, रोज दोनदा इन्सुलिन. मालक म्हणतात, सोपं असतं, व्हिडिओ बघून जमेल. ते प्रत्येक इंजेक्शनचे शंभर देतात, मी दोनशे मागू का?

उत्तर : शंभर की दोनशे हा प्रश्न खूप नंतरचा आहे. व्हिडिओ बघून इन्सुलिन देऊ नका.

आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिटचंही मिळतं आणि १०० युनिटचंही. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये भरलं, तर त्याच खुणेवर अडीचपट डोस जातो. चार किलोच्या बोक्याचा त्यात जीव जाऊ शकतो. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे मालकांनी तुम्हाला दाखवलंय का?

पुढचं ऐका. बोक्याने सकाळी खाल्लं नाही तर नेहमीचा डोस टोचायचा नाही, आधी व्हेटला फोन. सुई नीट गेली की नाही अशी शंका आली तर पुन्हा टोचायचं नाही. तो लडखडायला लागला, थरथरला, सुस्त पडला, तर साखर फार उतरली असं समजा. हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा. हे सगळं तुम्ही त्याच्या व्हेटच्या तोंडून ऐकायला हवं, मालकांना सोबत घेऊन, ते निघायच्या आधी. मालकांसमोर निदान दोन इंजेक्शनं तुमच्या हाताने झाली पाहिजेत.

‘काही झालं तर परळला बैलघोड्यात न्या’ (म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या रुग्णालयात) असं सांगून मालक मोकळे होतात. रात्री दोन वाजता चेंबूरच्या आसपास कुठला दवाखाना उघडा असतो, ते फोन करून आधी विचारा. उपचाराची परवानगी आणि खर्चाची मर्यादा मालकांकडून लेखी घ्या.

आता पैसे. सुईमागे दर लावूच नका. बारा-बारा तासांच्या अंतराने तुम्ही त्या घराशी बांधलेले असता. जुलैत सायनला रुळांवर पाणी भरलं, लोकल थांबली, तर संध्याकाळचं इंजेक्शन कोण देणार? म्हणून अशा कामात एक तर घर चालत जाण्याच्या अंतरावर हवं, नाहीतर पूर्ण दिवसाचा मुक्काम आणि पूर्ण दिवसाचा दर. तो परवडत नसेल तर मालकांनी बोक्याला व्हेटच्या देखरेखीखाली ठेवावं. फिटच्या गोळ्या चालू असलेल्या कुत्र्यालाही हेच लागू. गोळी चुकली तर फिट येऊ शकते. अशी कामं स्वस्तात घेणाऱ्या मुलामुलींची मला फार काळजी वाटते.

प्रश्न : दोन दिवसांचा पंधरा हजारांचा कोर्स आहे. प्रमाणपत्र मिळालं की दर दुप्पट करता येतो म्हणतात.

उत्तर : दर वाढतो तो पुन्हा बोलावणाऱ्या मालकांमुळे, प्रमाणपत्राने नाही. ते पैसे वाचवा आणि ओळखीच्या व्हेटला विचारून महिनाभर त्यांच्या दवाखान्यात मदत करा.

प्रश्न : सेक्रेटरी म्हणतात, कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं तर महिन्याला वेगळे पैसे. ते मी माझ्या दरात धरू का?

उत्तर : नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. पण सेक्रेटरींशी तुम्ही भांडू नका, मालकांना बोलू द्या. गेटवर तुमचं नाव आणि तारखा त्यांनीच आधी नोंदवायच्या.

प्रश्न : जीएसटी लावायचा का?

उत्तर : वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नाही. इन्कम टॅक्सचं सीएला विचारा.

प्रश्न : मालाडला सांभाळायला घेतलेला कुत्रा हाताला चावला. जखम लहान आहे, घरच्यांनी हळद लावली. त्याचं लसीकरण झालंय असं मालक म्हणतात. चार दिवस झाले. मालकांकडून किती भरपाई मागू?

उत्तर : चार दिवस! चावल्याबरोबर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं असतं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं असतं. हळदीने रेबीज थांबत नाही. मालकांच्या तोंडी शब्दावर विसंबू नका, लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मागवा, पण त्याची वाट बघत बसू नका. हे वाचाल त्या दिवशीच जवळच्या पालिका रुग्णालयात जा. लस तिथे मोफत मिळते. उशीर झालाय म्हणून आता उपयोग नाही, असं कुणी सांगितलं तरी जा. पुढच्या तारखा डॉक्टर लिहून देतील, त्यातली एकही चुकवू नका. पैशांचं मालकांशी नंतर बोला, दवाखान्याची बिलं समोर ठेवून.